गजानन महाराज (शेगाव)

गजानन महाराज हे विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे होऊन गेलेले संत होत. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते शेगावात प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, तेथेच समाधिस्थ झाले. त्यांचे मूळ गाव, कूळ व जन्मतिथी अज्ञात आहेत. त्यांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेला 'श्री गजानन विजय' हा २१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ. पुढील प्रसंग या ग्रंथातील व वऱ्हाडातील परंपरेनुसार दिले आहेत.

शेगावातील आगमन

देविदास पातुरकर यांच्या घरी त्या दिवशी भोजनाचा समारंभ होता. जेवणाच्या पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या गेल्या. अंगावर जेमतेम वस्त्र असलेला एक तरुण त्या पत्रावळींतील शिते वेचून खात बसला होता. बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. त्याला ताटभर अन्न वाढण्यात आले, तेव्हा त्याने सगळे पदार्थ एकत्र कालवून चवीचा विचार न करता खाल्ले. बंकटलालांनी त्याला पुढे आपल्या घरी नेले. तो सतत जो मंत्र गुणगुणत असे, त्यावरून लोक त्याला गजानन म्हणू लागले.

गावातील सर्वांनाच हे संतपण पटले असे नव्हे. वस्त्राची शुद्ध नाही, बोलणे तुटक व अनाकलनीय, वागणे रूढीबाहेरचे, अशा माणसाला खेड्यात एकच शब्द मिळतो, तो म्हणजे वेडा. महाराज मारुतीच्या मंदिरात राहत असताना पाटील घराण्यातील तरुण त्यांच्या नावाची मोडतोड करून त्यांना चिडवीत. एकदा त्यांनी महाराजांना उसांनी बडवून काढले. महाराजांनी रागावण्याऐवजी तेच ऊस हातांनी पिळून त्या मुलांना रस पाजला, असे ग्रंथात सांगितले आहे. या घराण्यातील खंडू पाटील व हरी पाटील पुढे त्यांचे निष्ठावंत भक्त झाले. चमत्कारांच्या कथांपुढे या प्रसंगाची चर्चा कमी होते. वास्तविक, वेगळ्या दिसणाऱ्या माणसाशी गाव कसे वागते आणि ते वागणे कसे बदलू शकते, याचे इतके उघड चित्र संतचरित्रांत क्वचितच आढळते.

द्रव्याविषयीची वृत्ती

महाराजांनी स्वतःजवळ पैसा बाळगला नाही. अकोल्याचे बच्चुलाल अग्रवाल यांनी त्यांची थाटाने पूजा करून अंगावर दागिने चढवले. महाराजांनी ते काढून फेकून दिले, केवळ दोन पेढे खाल्ले आणि ते निघून गेले. कारंज्याच्या लक्ष्मण घुडे यांची कथा याच्या उलट आहे. घरातील सर्व काही महाराजांचेच आहे असे घुडे बोलून गेले, परंतु तिजोरी उघडण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा हात कचरला. महाराज तेथे न जेवता परतले. दान तोंडाने देणे आणि प्रत्यक्ष देणे यांतील अंतर दाखवण्यासाठी ही कथा वऱ्हाडात आजही सांगितली जाते.

१९०८ मध्ये अकोला येथे झालेल्या शिवजयंतीच्या सभेस लोकमान्य टिळकांसमवेत महाराज उपस्थित होते.

संस्थानची स्थापना

भक्तांची संख्या वाढली तशी अर्पण होणारी रक्कमही वाढली. ती स्वीकारण्यास महाराज तयार नव्हते, आणि ती कोणा एका भक्ताच्या घरी राहणेही इष्ट नव्हते. महाराज हयात असतानाच, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, विश्वस्त मंडळ स्थापन झाले. जागेवरून गावात मतभेद झाले, तेव्हा महाराजांनी सरकारी जमिनीकडे बोट दाखवले. हरी पाटलांनी अर्ज केला आणि बुलढाण्याचे तत्कालीन इंग्रज अधिकारी करी यांनी एक एकर जमीन मंजूर केली. महाराजांची समाधी व मंदिर याच परिसरात आहे. हा पैसा व्यक्तीचा नाही, संस्थेचा आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो, ही बाब संताच्या हयातीतच कागदावर आली. शेगावचे पुढचे सारे कार्य या पायावर उभे राहिले.

विशेष मुलांसाठीचे कार्य

श्री गजानन महाराज संस्थानाच्या सेवाकार्यांत रुग्णालये, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांसाठी फिरते रुग्णालय, अपंग पुनर्वसन केंद्र आणि बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी निवासी विद्यालय यांचा समावेश आहे. या विद्यालयाच्या नावात मतिमंद हा जुना शब्द रूढ आहे. आता बौद्धिक दिव्यांग किंवा विशेष मूल असे म्हणण्याकडे कल आहे.

अशा मुलांच्या सेवांना पैसा कसा लागतो, हे समजल्याशिवाय या कार्याचे मोल कळत नाही. इमारतीसाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते, कारण दात्याच्या नावाची पाटी लावता येते. परंतु बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला मुख्यतः माणसे लागतात. बटण लावणे, घास तोंडात घालणे, शौचाची सवय या गोष्टी शिकवण्यात महिने जातात. त्यासाठी विशेष शिक्षक, वाचा-उपचारक, भौतिकोपचारक आणि काळजीवाहक यांचा पगार दरमहा द्यावा लागतो. शिवाय ही गरज मूल मोठे झाल्यावरही संपत नाही. शेतमजुरी करणाऱ्या आईला अशा मुलासाठी रोजंदारी बुडवून घरी राहावे लागते. खर्चाचा हा भाग कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

एकरकमी देणगीवर असे काम टिकत नाही. मंदिराकडे येणारे अर्पण मात्र वर्षभर आणि लहान लहान रकमांनी येते. त्यामुळे नित्य खर्चाला ते अधिक उपयोगी पडते. मंदिर व परिसरातील पुष्कळसे काम सेवाधारी पाळीपाळीने विनावेतन करतात, त्यामुळे व्यवस्थापनाचा भारही कमी राहतो. ही घडी बसवण्यात शिवशंकरभाऊ पाटील (१९४०–२०२१) यांचा मोठा वाटा होता. ते अनेक दशके मानधन न घेता संस्थानाचा कारभार पाहत होते.

तथापि शेगावसारखे देवस्थान प्रत्येक जिल्ह्यात नाही, आणि संस्थान हे शासनाचा पर्यायही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील हा वाटा मागण्याचा अधिकार पालकांना आहे, आणि ग्रामसभेत त्याचा हिशेबही विचारता येतो.

शेगाव हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक असून प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी हे तेथील प्रमुख उत्सव आहेत.