कोड्यांतून संगणकाकडे

अ‍ॅलन ट्यूरिंग यांचा जन्म १९१२ चा, लंडनमधला. लहानपणी अक्षरांपेक्षा आकडे त्यांना लवकर ओळखता येऊ लागले. रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबून ते त्यावरचा क्रमांक वाचत. शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा गणितातला जोडीदार भेटला; पण १९३० मध्ये क्षयाने तो गेला. हा क्षय त्याला गाईच्या दूषित दुधातून झाला होता.

पुढे केंब्रिजला गणित शिकताना ट्यूरिंग यांना वेगळाच प्रश्न पडला. कोडे आपण ठरावीक पायऱ्यांनी सोडवतो. मग ते यंत्रालाही जमेल का? आणि कुठल्याच यंत्राला सुटणार नाहीत अशी कोडी असतात का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे त्यांनी १९३६ च्या शोधनिबंधात दाखवले. संगणकशास्त्राचा तो पाया ठरला. महायुद्धात जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १९५२ मध्ये ट्यूरिंग दोषी ठरले आणि तुरुंग टाळण्यासाठी वर्षभर स्त्री-संप्रेरक घेणे त्यांना भाग पडले. आजार नसलेल्या माणसाला शिक्षा म्हणून औषध दिले गेले, हे आम्हा डॉक्टरांनी विसरता कामा नये.

१९५४ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. विषय होता, सुटणारी आणि न सुटणारी कोडी. सुरुवात चौकोनी तुकडे सरकवण्याच्या खेळापासून. त्याच वर्षी जूनमध्ये सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे ४१.