अचूक सुरांचे साधक : उस्ताद अब्दुल करीम खाँ

गेल्या सुट्टीत आम्ही माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. धूळ झटकली, कडक झालेले रबरी चाक बदलले, तेलपाणी केले आणि आजोबांच्या पेटीतली एक तबकडी लावली. आवाज आला, पण चिरका आणि घाईघाईचा. तबकडी होती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. ज्या गायकाने आयुष्यभर सुराच्या नेमकेपणाचा ध्यास घेतला, त्याचाच सूर आम्ही बिघडवत होतो! म्हणून यंत्र नीट लावण्याआधी आम्ही त्यांचे चरित्र समजून घेतले. तेच येथे थोडक्यात देत आहोत.

खाँसाहेबांचा जन्म 1872 मध्ये उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा घराणे म्हणतात. घरात गाणे आणि सारंगी पिढीजात होती. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी गायक झाले. तेथे सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी विवाह करायचे ठरवले आणि बडोदे सोडून ते मुंबईला आले. धर्माची आणि प्रतिष्ठेची भिंत ओलांडणे त्या काळी मुळीच सोपे नव्हते.

पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटक हीच त्यांची कर्मभूमी झाली. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. म्हैसूर दरबारातही त्यांना मान होता. तेथे कर्नाटक संगीताचा त्यांनी आदराने अभ्यास केला. अखेर तंतुवाद्यांच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत ते स्थायिक झाले. तंबोरा मनासारखा जुळल्याशिवाय त्यांचे गाणे सुरू होत नसे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी 22 श्रुतींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचा मोठा आधार मिळाला.

सुरांत इतके यश लाभलेल्या या माणसाच्या वाट्याला घरी मात्र दुःख आले. 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. तीच पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे म्हणून नावारूपास आली. पित्याचे नाव त्यांच्या नावात उरले नाही, पण गाण्यात किराण्याचा सूर राहिला.

खाँसाहेबांचे पहिले ध्वनिमुद्रण 1905 च्या सुमाराचे, तर अधिक प्रसिद्ध तबकड्या 1930 नंतरच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात मांडायचा! तरीही त्यांची झिंझोटीतील ठुमरी घरोघरी पोहोचली. गदगच्या एका मुलाने ती तबकडीवर ऐकली आणि असे गाणे शिकायचेच, या ध्यासाने 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले.

ऑक्टोबर 1937 मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्थानकावर ते उतरले आणि तेथे फलाटावरच त्यांनी देह ठेवला. तंबोऱ्याच्या साथीने ईश्वराची आळवणी करीत ते गेले, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आता पुन्हा आमच्या प्लेअरकडे येऊ. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून आम्ही मिनिटभर फेरे मोजले. ते 78 ऐवजी 80 भरले. फरक दोनच फेऱ्यांचा, पण तेवढ्याने षड्ज वर चढतो, तो सा आणि कोमल रे यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने! वेग बरोबर केल्यावर आवाज भरदार झाला. मात्र लांब स्वर अजून डुलत होता, कारण तबकडीचे भोक सैल असल्याने ती मध्यावर बसत नव्हती. ती हाताने सरकवून मध्यावर आणली, तेव्हा स्वर स्थिर झाला. सगळेच स्वर सारखे चढले, तर त्यांची आपसातली अंतरे टिकतात. पण स्वर डुलला की श्रुतीच हरवते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, म्हणून तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एल.पी.ची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. मधला कागद भिजू देऊ नये.

पालकांना आमची विनंती आहे, की घरात अशा तबकड्या असतील तर रद्दीत टाकू नका. आडव्या ढिगाने न रचता उभ्या ठेवा. आणि मुलांनो, एखाद्या संध्याकाळी आजीआजोबांना शेजारी बसवून ती तीन मिनिटे शांतपणे ऐका. एका मुलाचे आयुष्य तेवढ्यानेच बदलले होते.