जॉर्ज फॉन बेकेशी

जॉर्ज फॉन बेकेशी यांचा जन्म ३ जून १८९९ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील राजनैतिक सेवेत असल्याने त्यांचे बालपण निरनिराळ्या देशांत गेले. १९२३ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत रुजू झाले. दूरध्वनी सुधारायचा, तर माणूस कसा ऐकतो हे आधी जाणले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली नलिका असते. तिला कर्णावर्त म्हणतात. बेकेशींनी मृतांच्या कानांतील कर्णावर्त अत्यंत कौशल्याने उघडले. त्यातील पडद्यावर चांदीचे बारीक कण पसरून, लुकलुकत्या प्रकाशात त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ध्वनीची लाट पडद्यावरून पुढे सरकत होती. उंच स्वर आरंभाजवळ, तर खालचे स्वर टोकाकडे सर्वाधिक कंप निर्माण करीत होते. १९४७ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९६१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एक कोडे उरले. मृत कानातील कंप विस्तृत भागात पसरत होता. जिवंत कान मात्र स्वरांतील अगदी बारीक भेद ओळखतो. जिवंत कान स्वतःची ऊर्जा वापरून कंप वाढवत असावा, असा विचार थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १३ जून १९७२ रोजी होनोलुलू येथे बेकेशींचे निधन झाले. पुढे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी लंडन येथे कानात सूक्ष्म ध्वनिग्राहक ठेवून कानातून बाहेर येणारा ध्वनी नोंदवला.

कर्णावर्तातील बाह्य रोमपेशी लांब-आखूड होऊन कंप वाढवतात. त्यातील काही ऊर्जा मध्यकर्णातील हाडांवाटे उलट येऊन कानाचा पडदा हलवते. मृत्यूनंतर ही शक्ती नाहीशी होते. बेकेशींचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु मृत कान त्यांना याहून अधिक सांगू शकत नव्हता.

आज दिल्लीतील रुग्णालयांत झोपलेल्या नवजात बालकाच्या कानात लहानशी नळी ठेवून हाच ध्वनी तपासतात. तो मिळाला नाही, तर पुढील तपासण्या केल्या जातात. ऐकू न येणारे मूल ऐकून बोलणे शिकू शकत नाही. म्हणून दोष लवकर कळणे अत्यंत महत्त्वाचे असते. दूरध्वनीच्या तारांपासून आरंभलेल्या शोधाचे फळ असे पाळण्यापर्यंत पोहोचले आहे.