वाटाण्याचा वेल, आगकाड्या आणि फाळक्यांचं घर

मंडळी, आपल्या हेर्त्सोगेनआउराखची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. आईच्या धुलाईखोलीत आदि दासलरने बूट शिवायला सुरुवात केली, 1924 मध्ये भाऊ रुडीसोबत कंपनी काढली, मग भाऊ भांडले आणि एका गावात आदिदास अन् प्यूमा असे दोन कारखाने उभे राहिले. पण घरातून उभ्या राहिलेल्या एका मराठी उद्योगाची गोष्ट विचारा, मुलं गप्प! फार तर दादासाहेब फाळके म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ एवढं ऐकू येतं. म्हणून यंदा त्यांच्याबद्दलच लिहायचं ठरवलं, आणि तेही कीर्ती मिळण्याआधीच्या फाळक्यांबद्दल.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला झाली, छायाचित्रण झालं, छपाईचं तंत्रही झालं. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला, आणि 1900 च्या सुमारास प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. तिशीतला माणूस, भरलेलं घर रिकामं झालेलं. दुसरा कोणी तिथेच खचला असता.

1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. करंदीकरांची गिरिजा फाळक्यांची सरस्वती झाली. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन-फोटोग्राफरची सरकारी नोकरी मिळाली. सुखाने पेन्शनपर्यंत गेले असते, पण तीही सोडली आणि छापखाना काढला. लोणावळ्याजवळ रविवर्मा प्रेस होता, त्याचे मालक तेव्हा फ्रिट्झ श्लायशर नावाचे जर्मन गृहस्थ. या प्रेसची कामंही फाळक्यांनी केली. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले, आणि फाळके हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून प्रयोगही करत. 1909 मध्ये तर रंगीत छपाईची यंत्रं पाहायला ते चक्क आपल्या या जर्मनीत येऊन गेले! पण पुढे भागीदाराशी बिनसलं आणि भरभराटीला आलेला छापखाना त्यांनी सोडून दिला.

हाताला काम नाही, पदरी मुलं, अशा दिवसांत, 1911 मध्ये, गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या एकाच ध्यासाने त्यांना पछाडलं. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणं आणि घरी रात्रभर प्रयोग. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. सुदैवाने डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली. मग आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले.

पण भांडवल कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर कोंब फुटला आणि बघता बघता वेल झाला. ते पाहूनच पैसे लावणारा भेटला. एकेक चित्र घेऊन निर्जीवात जीव भरायचा, हेच तर अ‍ॅनिमेशनचं मूळ.

आता सरस्वतीबाईंकडे बघा. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी दागिने दिले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडणं. फिल्म धुण्याची रसायनंही त्याच कालवत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा लोकांनी पाहिलं ते फाळके कुटुंबाचं घरकामच! पुढे 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि पैशाची वाट बंद झाली. मोठा चित्रपट शक्य नाही, तर फाळक्यांनी काय केलं? आगकाड्या घेतल्या. एकेक काडी किंचित सरकवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची. 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या अशा नाचल्या. भारतातलं हे अगदी सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन.

दुःख एवढंच की ही फिल्म आज उपलब्ध नाही. बर्लिनच्या लोटे रायनिगर यांचा 1926 चा छायाचित्रांतला राजपुत्र अहमद आपण आजही पाहू शकतो. आपल्या काड्या मात्र काळाच्या उदरात गेल्या. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला दादासाहेब गेले, तेही विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी गाजतो, सरस्वतीबाईंचं नाव कितीजणांना ठाऊक असतं?

या दिवाळीत फराळ झाला की मुलांना एक काडेपेटीतल्या काड्या (पेटवायच्या नाहीत हं!) आणि मोबाईल द्या. काडी सरकवा, फोटो काढा, पुन्हा सरकवा. दहा मिनिटांत मुलं कंटाळतील, तेव्हा त्यांना सांगा की हे काम त्या घराने युद्धाच्या दिवसांत, कर्ज डोक्यावर असताना, हौसेने केलं होतं. हरवलेली फिल्म काही परत यायची नाही, पण ती करणाऱ्या दोघांची नावं तरी आपल्या मुलांच्या तोंडी राहतील.