सूर्याचा हिशोब मांडणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित



आपल्या कामाशी नातं असलेलं काहीतरी लिही, असं स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितलं. मी सौरऊर्जा प्रकल्पांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि वेळ दिली की सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे आणि कोणत्या दिशेला आहे, हे आमचा प्रोग्रॅम सांगतो. मग पॅनेल तिकडे वळतात. या गणिताचा गाभा असलेली आकडेमोड सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर करणारे एक शाळामास्तर महाराष्ट्रात होऊन गेले. आपल्या या मेळाव्यात शिक्षकही आहेत, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. महर्षी कर्वे यांचंही गाव हेच. गावच्या मराठी शाळेत शिकून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि शिक्षक झाले. पुढे मॅट्रिकही झाले, पण विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास. ज्योतिषाचा, म्हणजे ग्रहगणिताचा, अभ्यास ते शाळा सांभाळून करत. फलज्योतिष हा त्यांचा विषय नव्हता.

हे गणित थोडक्यात सांगते. आधी एका ठरलेल्या दिवसापासून आजवर किती दिवस झाले ते मोजायचं. जुन्या ग्रंथांत याला अहर्गण म्हणतात. आम्ही आज १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजतो. नाव बदललं, रीत तीच. सूर्य रोज सरासरी एक अंशाहून किंचित कमी सरकतो, त्यावरून मध्यम रवि मिळतो. पण सूर्याची गती वर्षभर सारखी नसते. त्यासाठी सुमारे दोन अंशांपर्यंतची दुरुस्ती करायची की स्पष्ट रवि मिळतो. त्यावरून क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते कळतं.

इथवरचं गणित साऱ्या पृथ्वीसाठी एकच. गाव येतं ते यानंतर. अक्षांशावरून दिवस किती मोठा ते ठरतं : जूनमध्ये दिल्लीचा दिवस पुण्याच्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या आसपास मोठा असतो. रेखांशावरून वेळेचा फरक ठरतो, अंशाला चार मिनिटं. आपले ग्रंथकार हा फरक उज्जैनपासून मोजत. एवढं केल्यावर त्या गावचा सूर्योदय हाती येतो.

आता सूर्योदयाच्या चार-पाच मिनिटांनी काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची तिथी. तिथी पहाटेच संपत असेल, तर थोड्या मिनिटांनी दिवसाची तिथी बदलते. दीक्षितांच्या हातून इतिहासाचं मोठं काम झालं ते नेमकं या जागी.

गुप्त राजांचा संवत कधी सुरू झाला, यावर तेव्हा विद्वानांत मोठा वाद होता. निरनिराळ्या मतांमध्ये दोन शतकांहून जास्त अंतर होतं. म्हणजे समुद्रगुप्त आणि चंद्रगुप्त नेमके कोणत्या शतकात बसवायचे, हेच पक्कं नव्हतं. जे. एफ. फ्लीट हे इंग्रज अधिकारी गुप्तांच्या शिलालेखांचा संग्रह तयार करत होते. त्यांना तारखा तपासून देण्याचं काम दीक्षितांनी केलं. मध्य प्रदेशात एरण इथल्या स्तंभावर बुधगुप्त राजाचा लेख आहे : संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. तिथी आणि वार दोन्ही जुळायला हवेत. संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० धरला तर उत्तर येतं २१ जून ४८४, आणि त्या दिवशी गुरुवारच होता.

पण वार सातच. एखादा वार योगायोगानेही जुळू शकतो, सातांत एकदा. म्हणून दीक्षित एका लेखावर थांबले नाहीत. काही ताम्रपटांत वर्षाला वेगळंच नाव दिलेलं आहे. उदाहरणार्थ, संवत १५६ ला महावैशाख संवत्सर म्हटलं आहे. गुरू हा ग्रह सूर्याच्या तेजात काही दिवस दिसेनासा होतो आणि मग पहाटे पुन्हा उगवतो. तो ज्या नक्षत्रात उगवेल त्यावरून हे नाव पडतं, हे दीक्षितांनी दाखवलं. गुरू सूर्यापासून सुमारे अकरा अंश दूर गेला की दिसू लागतो, असं आपले ग्रंथ सांगतात. म्हणजे इथेही आधी सूर्य कुठे होता ते काढणं आलंच. हे स्वतंत्र गणितही त्याच आरंभाशी जुळलं. केरो लक्ष्मण छत्रे यांची मराठी ग्रहकोष्टकं हे त्यांचं हत्यार; बाकी दौत आणि टाक. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये आला.

पुढे रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर दीक्षितांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. इ. स. ३०० ते १९०० मधली कोणतीही भारतीय तिथी त्यातल्या कोष्टकांवरून इंग्रजी तारखेत आणता येते. एरवी एखाद्या जाणकारापाशी अडून राहणारं काम त्यामुळे बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही करता येऊ लागलं. मला यातला मास्तर जास्त भावतो. त्याच वर्षी त्यांचा मोठा ग्रंथ, भारतीय ज्योतिषशास्त्र, प्रसिद्ध झाला, आणि तो त्यांनी मराठीत लिहिला. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं.

एका बाबतीत मात्र त्यांचं गणित लोकांनी मनावर घेतलं नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. मकरसंक्रांत आपण करतो जानेवारीत. पंचांगातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठं आहे, म्हणून साठेक वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. दीक्षितांच्या काळी संक्रांत १२ जानेवारीच्या आसपास येई, आता १४-१५ ला येते. असंच चाललं तर सण ऋतू सोडून जातील, म्हणून ऋतूंशी जुळणारं सायन पंचांग स्वीकारावं, हे त्यांचं मत होतं. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत त्यांनी तसं पंचांग काढण्यातही भाग घेतला. घरोघरी मात्र जुनंच पंचांग राहिलं.

एप्रिल १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, दीक्षित गेले. मोठा ग्रंथ छापून जेमतेम दोन वर्षं झाली होती. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू केली. तिचं वर्ष सायन आहे. सण अजून निरयण पंचांगानेच होतात.

तुमच्यापैकी जे आज शिकवतात किंवा ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांना एक सुचवते. २२ डिसेंबरला गच्चीवरून सूर्य कुठल्या इमारतीमागून किंवा झाडामागून उगवतो त्याची खूण करून ठेवा. संक्रांतीला पुन्हा त्याच जागी उभं राहून पाहा. तोवर सूर्य तिथून उत्तरेकडे सरकलेला असेल. दीक्षित काय सांगत होते, ते मुलांना न शिकवता कळेल.