पंडिता रमाबाईंचा जमाखर्च

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेस जाण्यासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या, हे आपल्याकडे पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियास त्यांना डॉक्टरीची पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातल्या एक विदुषी इंग्लंडहून मुद्दाम त्या समारंभास गेल्या होत्या. त्या पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे त्यांच्या पैशाच्या व्यवहाराविषयी लिहिणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न. पत्नीला व मुलीला त्यांनी संस्कृत शिकवले, पण संसाराचा हिशेब काही त्यांना साधला नाही. गंगामूळच्या आश्रमात आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात पुराण सांगावे, लोक ठेवतील ते धान्य व पैसे घ्यावेत, आणि त्यातलेही दानधर्मात द्यावे, असा क्रम होता. पुढे दुष्काळ पडला तेव्हा दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. १८७४ साली आई-वडील उपासमारीने गेले, त्यांच्या मागोमाग थोरली बहीणही. सोळा वर्षांच्या मुलीने हे सारे डोळ्यांनी पाहिले. पुण्य पदरी पडले असेल, पण गाठीला पैसा नव्हता म्हणून माणसे गेली, हे नाकारता येत नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ साली वैधव्य आले. तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या. दिराच्या किंवा भावाच्या दारी राहावे, असा तो काळ. पण भाऊही आधीच वारला होता. त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच वर्षी छापले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चाची सोय केली. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहताना मराठी शिकवून त्या अन्नवस्त्राची फेड करीत. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; तरीही धर्माच्या बाबतीत आपल्या बुद्धीला पटेल तेच मानायचे, या हट्टामुळे आश्रयदात्यांशी खटके उडत राहिले. ज्याचे अन्न खावे त्याचे मत मानावे, हा नियम काही आपल्याच सासरमाहेरचा नव्हे!

अमेरिकेत मात्र त्यांनी पुस्तकविक्रीचा खरा व्यापार केला. व्याख्याने देत गावोगाव हिंडल्या आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांची होती. आनंदीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तल्या होत्या. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. आमच्या मंडळाच्या फराळाच्या मागण्यांची वही सांभाळताना चकलीच्या पन्नास पाकिटांचा मेळ बसेना की आम्ही हवालदिल होतो. त्या बाईने परमुलखात, परभाषेत हा पसारा मांडला.

त्या वर्षाअखेर बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. मदतीबरोबर धर्माबाबत तटस्थतेची अट होती. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला तेव्हा गहजब उडाला, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांचा संतापही मला समजतो.

दहा वर्षांची मुदत संपणार, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. संस्थेने पुढे स्वतःच्या उत्पन्नावर चालावे, हा हेतू. कल्याणहून सोलापूरच्या गाडीने जाताना पुणे सोडल्यावर हे स्टेशन लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व बायका त्यांनी येथे आणल्या, आणि त्यांना नुसते जेवू घातले नाही. विणकाम, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना, सारे बायका चालवू लागल्या. १९२२ साली रमाबाई वारल्या तेव्हा त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, मुक्तीच्या बायकांच्या हातून छापले जात होते.