उशिरा उमगलेलं पाप

मार्च १७४८. अटलांटिकच्या वादळात ‘ग्रेहाउंड’ जहाजात पाणी शिरत होतं. देवाधर्माची टवाळी करण्यात हयात घालवलेला बावीस वर्षांचा जॉन न्यूटन नरकाच्या भयानं हादरला आणि त्यानं देवाची करुणा भाकली. जहाज तरलं.

तिथून तो पालटला असेल, असं वाटतं ना? पण पुढे तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. खाली साखळदंडांतली माणसं, वर याची प्रार्थना! १७५४ मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये तो ओल्नी गावात धर्मगुरू झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे ईश्वरी कृपेचं स्तोत्र तिथलंच. गुलामांच्या व्यापारातल्या आपल्या पापाची जाहीर कबुली मात्र त्यानं १७८८ च्या पुस्तिकेत दिली.

बँकेत आयुष्य गेल्यानं मला हिशेब सुटत नाही. वादळापासून कबुलीपर्यंत चाळीस वर्षं! ख्रिस्ती शिकवणीत क्षमा कमवावी लागत नाही, ती मिळते. पश्चात्ताप म्हणजे मात्र नुसतं भय नव्हे, मागे फिरणं. न्यूटन फिरला, फार सावकाश.

१८०७ मध्ये ब्रिटननं हा व्यापार कायद्यानं बंद केला. त्याच डिसेंबरात, दृष्टी गमावलेल्या न्यूटननं डोळे मिटले. देवाची दया त्याच्यासाठी चाळीस वर्षं थांबली. जहाजाच्या तळाशी डांबलेल्यांना थांबायला तेवढं आयुष्य नव्हतं.